धाकट्याची यादी

आमच्या घरात पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात अब्बांची पत्रं आहेत. अब्बा १९७४ साली कुवेतला गेले आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतल्यावर जे लाखभर हिंदुस्थानी अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला आले, त्यांच्यात अब्बाही होते. मधल्या सोळा वर्षांची पत्रं अम्मीनं जपली. अब्बा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. अक्षर मोडकं, पण ठसठशीत. "तांदूळ भरून ठेवणे. मुलास मारू नये." अशी त्यांची वाक्यं.

२६ जुलै २००५ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ही पेटी घरातल्या घरात तरंगत होती. पाणी ओसरल्यावर आम्ही ती उघडली. सगळा लगदा झाला असेल असं धरूनच चाललो होतो. तसं झालं नव्हतं. शाईच्या पेनानं लिहिलेली पत्रं धुऊन गेली होती, निळ्या डागाशिवाय काही उरलं नव्हतं. पण बॉलपेनची बहुतेक शाबूत होती. पडवीत दोरी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून आम्ही ती वाळवली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मास्तर, धान्य वाळवायचं सोडून कागद काय वाळवताय?" धान्याला वास सुटला होता, ते टाकूनच द्यायचं होतं.

हे सांगायचं कारण, कागद भिजला तर वाळवता येतो हे आम्हाला ठाऊक होतं. धाकट्याची पत्रं मात्र कागदावर नव्हती.

आमचा धाकटा भाऊ दोहाला स्टोअरकीपर होता. २००६ च्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला. पुरानं खाल्लेलं छप्पर त्यानं उभं राहून नव्यानं करून घेतलं आणि जाता जाता आमच्यासाठी एक कॉम्प्युटर घेऊन ठेवला. पेन्टियम फोर, २५६ एमबीची रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क. तेव्हा ती केवढी मोठी वाटली होती! आम्ही मराठी शाळेत शिक्षक. सरकारच्या सक्तीमुळे एमएस-सीआयटीची परीक्षा आधीच उत्तीर्ण झालो होतो. म्हणजे प्रमाणपत्र होतं, अक्कल नव्हती. फोनच्या वायरीवरून इंटरनेट लागायचं, ते कर्र कर्र आवाज करायचं आणि मिनिटांवर पैसे पडायचे. म्हणून आउटलुक एक्स्प्रेस. जोडायचं, आलेली पत्रं खाली उतरवायची, तोडायचं आणि मग निवांत वाचायचं. पोस्टमन पत्र हातात देऊन जातो, पुन्हा त्याच्याकडे प्रत मागता येत नाही, तसाच हा प्रकार होता. पत्र आमच्या डिस्कवर उतरलं की सर्व्हरवरून पुसलं जायचं. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी एक चौकट होती, तिच्यात खूण करायला हवी होती. आम्हाला ती चौकट फार उशिरा दिसली.

दर शुक्रवारी, जुम्म्याच्या सुट्टीला, धाकट्याचं पत्र यायचं. मराठी, पण रोमन लिपीत. आम्हाला त्याचा राग यायचा. मुसलमानाची मातृभाषा मराठी असते हे सभांतून सांगत फिरणाऱ्या शिक्षकाच्या घरातच हे असं! आम्ही युनिकोड बसवून घेतलं होतं, मंगल फॉन्टमध्ये एका बोटानं टंकत लांबलचक उत्तरं धाडायचो आणि शेवटी न चुकता लिहायचो, "देवनागरीत लिहीत जा." तो लिहायचा, "भाई, हापिसच्या कॉम्प्युटरवर कसा जमनार? समजला ना तुम्हाला, मग झाला."

२००७ च्या डिसेंबरात तो दोहाहून मित्रांसोबत रस्त्यानं हजला निघाला. निघायच्या आधी त्याचं एक पत्र आलं, नेहमीपेक्षा लांब. हजला जाणारा माणूस देणीघेणी मिटवून जातो. मिटवता आली नाहीत तर ज्याचं देणं त्याची परवानगी घेतो आणि घरी लिहून ठेवतो. कर्ज लिहून ठेवा, हे तर सूरह बकराच्या २८२ व्या आयतीतच आहे, आणि कुरआनातली ती सर्वांत लांब आयत. तशी त्यानं यादी लिहिली होती. कुणाचं किती. आम्ही ती वाचली. खरं सांगायचं तर नजर फिरवली. तीस वर्षांचा धडधाकट गडी, यादी कसली घेऊन बसायची! आम्ही एका ओळीचं उत्तर दिलं, "अल्लाह हज कबूल करो, तब्येतीला जप." उतरवून घेतली नाही, छापली नाही. प्रिंटरची शाई महाग होती.

तो हज करून सुखरूप परतला. २००८ च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंपनीतून फोन आला. रात्री झोपला तो सकाळी उठला नाही.

दफन तिकडेच झालं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आमच्याकडे गायबाना जनाजाची नमाज होते. ती मोहल्ल्याच्या मशिदीत झाली. नमाजनंतर घरातला मोठा उभा राहून सांगतो, तसं आम्ही सांगितलं, "माझ्या भावाकडे कुणाचं काही देणं असेल तर त्यानं यावं. आम्ही देऊ, नाहीतर माफ करावं." कफन-दफनाच्या खर्चानंतर पहिलं काय, तर मयताचं कर्ज. ते फिटल्याशिवाय वारसांना पैसा वाटायचा नाही. धाकट्याची बायको, दोन मुलं, अम्मी, सगळ्यांचा हिस्सा त्यानंतरचा.

दोनच माणसं आली. एक बाजारपेठेतले कापडवाले, ईदच्या कपड्यांची ४,२०० रुपये उधारी. दुसरा एक लांबचा ओळखीतला, म्हणाला, "माझे पंधरा हजार होते." कागद? नाही. साक्षीदार? "भावाभावासारखे होतो, साक्षीदार कसला?"

तेव्हा आम्हाला यादी आठवली.

त्या रात्री आम्ही कॉम्प्युटरसमोर बसलो. इनबॉक्समध्ये दीड-दोन वर्षांची पत्रं, फोटो, लोकांनी पुढे ढकललेल्या दुआ, सगळं एकत्र. मन थाऱ्यावर नव्हतं. प्रोग्रॅम उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. बंद करताना खिडकी आली. डिस्कवर जागा करण्यासाठी संदेश आवळून ठेवायचे का? ही खिडकी अधूनमधून यायचीच. पुढे कळलं, एक्सपीच्या त्या आवृत्तीत प्रोग्रॅम शंभर वेळा बंद केला की ती येते. एरवी आम्ही 'कॅन्सल' दाबायचो. त्या रात्री 'ओके' दाबलं गेलं. निळी पट्टी पुढे सरकू लागली आणि निम्म्यावर असताना वीज गेली. भारनियमनाची वेळ भिंतीवर चिकटवलेली होती, आमच्याच हस्ताक्षरात. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती.

सकाळी इनबॉक्स रिकामं होतं.

ते रिकामेपण पाहून माणूस काय करतो? जे करू नये ते सगळं. डिस्क भरली असेल म्हणून आम्ही रिसायकल बिन साफ केलं. सीडीवरून दोन-तीन प्रोग्रॅम पुन्हा बसवले. नवी पत्रं उतरवली. त्यांत दोहाहून त्याच्या सोबत्यांनी पाठवलेले कबरीचे फोटो होते. तीन तास चाललं. मग मशीन उचलून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तो म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो सर, एकदम नवं होईल. साडेतीनशे रुपये." आम्ही हो म्हणण्याच्या बेतात होतो. आपा सोबत होती. ती म्हणाली, "भाई, घर नवं करून काय करायचं, माणूस आत आहे." तिनं मशीन रिक्षात घातलं, घरी आणून त्यावर जुनी चादर टाकली आणि सांगितलं, "कुणी हात लावायचा नाही." आपाला कॉम्प्युटरमधलं काडीचं कळत नाही. त्या आठवड्यात शहाणपणाची गोष्ट केली ती तिनं एकटीनं.

पंधरवड्यानं शिमगा आला. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. शिमग्याला चाकरमानी गावी येतात तसा पालखी नाचवायला आला आणि आमची बातमी कळली म्हणून भेटायला आला. दारातच गुलाल झटकून आत आला. त्याला आम्ही सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "सर, रिसायकल बिनमध्ये पाहिलंत? आवळायच्या आधी तो जुन्या फाइलची एक प्रत तिथे टाकतो, शेपटाला 'बीएके' लावून."

आम्ही म्हणालो, "ते साफ केलं."

तो काही बोलला नाही. कोरा पेपर देणाऱ्या पोराकडे आम्ही ज्या नजरेनं पाहायचो, तसं त्यानं पाहिलं.

मग त्यानं आम्हाला समजावलं. आउटलुक एक्स्प्रेस प्रत्येक फोल्डरची एक फाइल ठेवतो. इनबॉक्सची वेगळी, पाठवलेल्या पत्रांची वेगळी, आणि 'डीबीएक्स' हे त्यांचं आडनाव. त्या फाइली अशा कोपऱ्यात असतात की सहसा दिसत नाहीत. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये आपलं नाव, त्यात 'लोकल सेटिंग्ज', त्यात आणखी खोल, वाटेत महिरपी कंसातला एक लांबलचक आकडा. 'लपवलेल्या फाइली दाखवा' म्हटल्याशिवाय वाट सापडत नाही. आमची इनबॉक्सची फाइल तिथे होती, पण जेमतेम कबरीच्या फोटोंपुरती. जुनी जी होती ती प्रत बनून रिसायकल बिनमध्ये गेली आणि तिथून आम्ही तिला बाहेरचा रस्ता दाखवला.

"पण सर," तो म्हणाला, "हजेरीपटावरून नाव खोडलं म्हणून पोरगा बाकावरून उठत नाही. नवा पोरगा येऊन त्या बाकावर बसेपर्यंत तो तिथेच असतो." पुसलेल्या फाइलचं तसंच असतं. डिस्क फक्त एवढंच लिहून ठेवते की ही जागा आता मोकळी. मजकूर तिथेच पडून असतो, दुसरं काही वर लिहिलं जाईपर्यंत. म्हणून पुसलं गेल्यावर मशीन जितकं कमी चालवावं तितकं बरं. नवं काही बसवू नये, पत्रं उतरवू नयेत, सुटवण्याचा प्रोग्रॅमसुद्धा त्याच डिस्कवर टाकू नये. आम्ही तीन तासांत किती नवे पोरगे बाकांवर बसवले होते, देव जाणे.

त्याच्या चुलतभावाचा बाजारपेठेत कॉम्प्युटर क्लास होता. तिथे त्यानं आमची डिस्क काढून, मागची बारीक पिन सरकवून, दुसऱ्या मशीनला दुय्यम म्हणून जोडली. त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही, फक्त वाचायचं. रात्रभर शोध चालू ठेवला. सकाळी १८० एमबीची एक फाइल बाहेर आली. नाव अर्धं खाल्लेलं, पण तीच.

आउटलुक एक्स्प्रेसला ती दाखवली तर त्यानं ओळखच दिली नाही. मग पोरानं ती साध्या अक्षरांच्या खिडकीत उघडली. पहिल्यांदा आम्ही तो प्रकार पाहिला. चौकटी, चिन्हं, मधेच इंग्रजी तारखा, मग शेकडो ओळी नुसत्या ए-बी-सी-डीच्या, अर्थ काही नाही. ते फोटो होते. पत्रासोबत चित्र जातं तेव्हा त्याचे तीन बाइट चार साध्या अक्षरांत बदलून पाठवतात, म्हणून पत्र तिसऱ्या हिश्शानं फुगतं. हा रानमाळ १८० एमबी पसरलेला. आम्ही विचारलं, "ह्यात आमचा भाऊ कुठे शोधायचा?"

तो म्हणाला, "तो नेहमी लिहायचा असा एखादा शब्द सांगा."

आम्ही म्हणालो, "भाई."

रोमन अक्षरांत तो शब्द टाकला आणि स्क्रीनवर धाकटा बोलू लागला. "भाई, सलाम. इकडं गर्मी लय." "भाई, अम्मीचा बीपी तपासला काय?" "भाई, पोराला इंग्लिश मिडीयममधी घालू काय, तुम्ही रागवू नका." दुसऱ्यांदा मारली एन्टर, तिसऱ्यांदा मारली, दर वेळी तो कुठून तरी यायचा. आम्ही चष्मा काढून पुसत होतो. पोरानं उठून पाण्याचा तांब्या आणला आणि बराच वेळ बाहेर उभा राहिला.

आमची देवनागरीची हौस मात्र अशी सहज सापडणारी नव्हती. देवनागरीचं एकेक अक्षर तीन-तीन बाइटचं, आणि पाठवताना त्याचंही सांकेतिक रूप होतं. कच्च्या फाइलीत ते फोटोंसारखंच दिसतं, शब्द टाकून शोधता येत नाही. ज्याच्यासाठी आम्ही त्याला बोलायचो ते त्याचं रोमन मराठी साधं, उघडं, म्हणून हाताला लागत होतं. ह्याचा अर्थ देवनागरीत लिहू नये असा नाही. आम्ही अजूनही शाळेत तेच सांगू. पण त्या दिवशी ते जाणवलं, आणि लपवण्यात काही हशील नाही.

पोरानं आणखी एक वाट काढली. "यादीच्या पत्राला उत्तर दिलं होतं ना? मग पाठवलेल्या पत्रांत पाहू. उत्तराखाली मूळ पत्र आपोआप जोडलं जातं." पाठवलेल्यांची फाइल धक्का न लागता तशीच होती. आमचं उत्तर मिळालं. "अल्लाह हज कबूल करो, तब्येतीला जप." खाली कोरं. मिनिटांचे पैसे वाचावेत आणि पत्र नीटनेटकं दिसावं म्हणून आम्ही खालचा मजकूर नेहमी पुसायचो. आपा हे असलं काही करायची नाही. तिची उत्तरं दोन ओळींची, चुकांनी भरलेली, आणि खाली धाकट्याचं पत्र पूर्णच्या पूर्ण, प्रत्येक ओळीच्या आधी बाणासारखी खूण. तिच्या गबाळेपणानं साठ-पासष्ट पत्रं वाचवली. यादीचं पत्र तिच्या नावे नव्हतं, आमच्या नावे होतं.

यादी दुपारी सापडली, 'हज' हा शब्द टाकल्यावर. ह्या फाइलीत पत्र सलग नसतं. पाचशे-बारा बाइटचे तुकडे पाडून ठेवलेलं असतं, प्रत्येक तुकड्याला पुढच्या तुकड्याचा पत्ता. साखळीची कडी जशी. एक कडी मिळाली, तिच्या पत्त्यावरून दुसरी, तिसरी. पोरगा कागदावर आकडे मांडत होता, आम्ही मजकूर उतरवत होतो. ह्या वेळी बॉलपेननं.

बाजारपेठेतले कापडवाले, ४,२००. ते आलेच होते. खोलीतला मलबारी सोबती, ९०० रियाल. मामूंनी व्हिसासाठी दिलेल्यांतले राहिलेले २०,००० रुपये. मामू स्वतःहून कधीच बोलले नसते आणि बोलले नव्हतेही. कब्रस्तानच्या भिंतीला कबूल केलेले ५,०००. हे देणं धरायचं की नाही यावर मौलवीसाहेबांना विचारता आलं असतं, पण त्यानं देण्यांत धरलंय म्हटल्यावर आम्ही विचारलं नाही. आणि पाचवी ओळ, "खेर्डीचे सुतारकाका, ३५".

तिथे कडी संपली. पुढच्या कडीच्या पत्त्यावर दुसरंच काही बसलं होतं. फोटोची अक्षरं. पोरानं त्या अक्षरांचा माग काढला. आम्ही त्या सकाळी उतरवलेल्या पत्रांतला फोटो होता तो, दोहाच्या कब्रस्तानातला. बाक रिकामा दिसला, नवा पोरगा बसला. त्याच्या यादीवर त्याची कबर.

३५ पुढे काय? दोन शून्यं की तीन? की शून्य नाहीच? आणि यादी तिथे संपली होती की पुढे आणखी नावं होती? धाकट्याचं खातं कंपनीचं होतं, ते बंद झालं होतं. त्याच्या जागी दुसरा माणूस बसत होता, त्याच कॉम्प्युटरवर.

पंधरा हजारवाला पुन्हा आला. आम्ही त्याला सांगितलं, सापडलं तेवढ्यात तुमचं नाव नाही. तो म्हणाला, "सापडलं तेवढ्यात ना?" बरोबर होतं. जो भाग हरवला त्याच्या आधारे कुणाला खोटं पाडता येत नाही. आमचं मन सांगत होतं, हा खोटं बोलतोय, आपा म्हणाली, "त्याचा हिशोब त्याच्यापाशी. आपल्या भावाच्या मानेवर नको." अम्मीही तेच म्हणाली. कायद्यानं पाहिलं तर दावा सांगणाऱ्यानं पुरावा द्यायचा; आम्ही तसं म्हणूनही पाहिलं. दोघींपुढे चाललं नाही. धाकट्याचे कंपनीकडचे पैसे आल्यावर आम्ही पाच-पाच हजारांचे दोन हप्ते दिले. तिसऱ्याला तो आलाच नाही. निरोप धाडला, रस्त्यात गाठलं, तो म्हणायचा, "येतो, येतो." पुढे तो मुंबईला गेला. ते पाच हजार बरीच वर्षं पाकिटात तसेच ठेवले होते. नोटाबंदीत, २०१६ साली, पाकीट उघडून नोटा बदलून आणल्या आणि पुन्हा ठेवल्या. त्याच्याबद्दल आमचं मत काय, हे आजही धड सांगता येत नाही. खोटा असता तर तिसरा हप्ता सोडला असता का? खरा असता तर का सोडला?

खेर्डीला आम्ही रविवारी गेलो. सुतारकाका अंगणात रंधा मारत होते. आम्ही बसलो, बातमी त्यांना होतीच, त्यांनी हळहळ केली. चहा झाला. मग आम्ही म्हटलं, "काका, धाकट्याकडे तुमचं काही येणं होतं?"

"नाय ओ मास्तर. काय येनां नाय."

"त्यानं लिहून ठेवलंय. पस्तीस. पुढचं पुसलंय. पस्तीसशे होते की जास्त, तुम्ही सांगाल ते आम्ही देऊ."

काका क्षणभर बघत राहिले आणि हसले. डोळ्यांत पाणी आणि हसू. "पैशे कसले! पस्तीस फूट रिपा. तुमच्या छपराक कमी पडल्या. पाऊस तोंडावर, वखार बंद. मी माज्या घरासाठी ठेवलेल्या होत्या त्या दिल्या. तो म्हनला, काका, लाकडाला लाकूड देईन. मी म्हटला, देशील रे."

आम्ही वर पाहिलं, सवयीनं, जणू आमचंच छप्पर डोक्यावर आहे. दोन वर्षं आम्ही त्या रिपांखाली झोपत होतो.

"मग काका, किंमत सांगा."

"किंमत कशी सांगू? लाकडाला लाकूड म्हनला होता."

माफ करा म्हटलं असतं तर त्यांनी केलंच असतं, आणि तेवढं पुरलंही असतं. पण त्यांना ते लाकूड हवं होतं असं आम्हाला वाटलं. किंवा धाकट्याचा शब्द हवा होता. आम्ही आग्रह केला नाही, त्यांनीही नको म्हटलं नाही.

पुढचं थोडक्यात. त्या पोरानं पुण्याला जायच्या आधी सापडलेली पत्रं साध्या मजकुराच्या फाइलीत काढून दिली, म्हणजे कुठलाही प्रोग्रॅम ती उघडू शकेल. ती सूचना लाखमोलाची होती. आउटलुक एक्स्प्रेस पुढच्या विंडोजमधून गेलाच, आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये एक्सपीचा आधारही संपला. सांकेतिक अक्षरांत अडकलेलं एक पत्र त्यानं पुण्याहून उलगडून पाठवलं. २००७ च्या उन्हाळ्यातलं. धाकट्यानं कुठल्याशा सायबर कॅफेत बसून देवनागरीत लिहिलेलं, एकुलतं एक. "भाई, बघा. तुमच्यासाठी." एवढंच, आणि त्यातही 'तुमच्यासाठी'तलं जोडाक्षर फुटलेलं. हे पत्र आल्याचं आम्हाला आठवतच नव्हतं. बहुधा त्या वेळी ते चौकटी-चौकटींचं दिसलं असावं आणि आम्ही पुढे गेलो असू. आम्ही सगळी पत्रं छापून घेतली, दोन प्रती. एक आपाकडे, एक पत्र्याच्या पेटीत, अब्बांच्या पत्रांवर. २२ जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला, २००५ पेक्षा मोठा. जुना कॉम्प्युटर डिस्कसकट गेला. पेटी ह्या वेळी आम्ही आधीच माळ्यावर चढवली होती.

२००८ च्या मेमध्ये, पावसाआधी, आम्ही वखारीतून सागाच्या रिपा घेतल्या. जरा जास्तच घेतल्या, वखारवाला मापात मारतो म्हणून. टेम्पोतून खेर्डीला नेल्या. सुतारकाकांनी त्या अंगणात ओळीनं मांडल्या, कानावरची पेन्सिल काढली, टेप लावली आणि एकेक मोजत गेले. आपा पायरीवर बसून पाहत होती. पस्तीस फुटांवर त्यांनी खूण केली, करवत घेतली आणि वरचा दीड फुटाचा तुकडा कापून आमच्या हातात परत दिला.